दरडीतलं बीळ

25 मे. पहाटेचे साडेपाच. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात ही आमची वाडी. घरामागच्या ऐनावर पावशा कधीचा ओरडतोय, 'पेरते व्हा, पेरते व्हा.' राब भाजून झालेत, भाताचं बियाणं काढून ठेवलंय, विहिरीने मात्र तळ गाठलाय. करवंदाच्या जाळीत पाखरांच्या नजरेतून सुटलेली चारदोन करवंदं तेवढी उरलीत.

ही शीळ ऐका. बांबूच्या बेटातून येतेय. हा नवरंग. गेल्या आठवड्यात तो इथे नव्हता. पाचोळा उकरत हिंडतो, दिसतो क्वचित, पण सकाळ-संध्याकाळ शीळ घातल्याशिवाय राहत नाही.

आपण मात्र वहाळाकडे जाऊ. आवाज न करता.

समोर मातीची दरड आहे, पुरुषभर उंचीची. तिच्यासमोर वाकलेल्या फांदीवर बसलाय तो तिबोटी खंड्या. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम 13 सेंटिमीटर. पोट पिवळंधमक, डोक्यावर जांभळी झाक, चोच आणि पाय पोवळ्यासारखे. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं असतात, याला तीनच. रायगड जिल्ह्याने याला आपला पक्षी म्हणून मान दिलाय.

परवा वळवाची सर पडली आणि माती मऊ झाली. काल सकाळपासून नर-मादी दोघंही कामाला लागलेत. फांदीवरून झेप घ्यायची, चोच दरडीत खुपसायची, परत फांदीवर यायचं. चोचीला चिकटलेली लाल माती सालीवर घासून पुसायची आणि पुन्हा झेप. एवढ्याशा जिवाला हे बीळ हातभर खोल न्यायचंय. तोंडाशी खोबण झाली, की आत शिरून पायांनी माती बाहेर लोटायची.

तीन वर्षांपूर्वी, जुलैत, वाट रुंद करायला आम्ही जेसीबी बोलावला. तासाभरात दरड तासून सरळ झाली. संध्याकाळी एक तिबोटी चोचीत सापसुरळी धरून आला आणि त्या कोऱ्या मातीसमोर घिरट्या घालू लागला. फांदीवर बसायचा, पुन्हा दरडीपाशी जायचा. सापसुरळी त्याने गिळलीही नाही, टाकलीही नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. बिळात पिल्लं होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्यानंतर दोन पावसाळे दरड रिकामी गेली. आम्ही तिला हात लावला नाही. वरची झाडोऱ्याची मुळं राखली, चिऱ्याची भिंत घालायचा बेत सोडला. पावसाळ्यात वाट चिखलाची होते, होऊ दे.

हे पक्षी स्थलांतर रात्री करतात. या दिवसांत कोकणात घरांच्या काचांवर आपटलेले तिबोटी सापडतात. म्हणून मे अर्धा सरला की वहाळाकडच्या पडवीतला दिवा आम्ही लावत नाही.

त्याच अंधारात आता ऐनावर काजवे यायला लागलेत. काल मोजता येत होते, आज नाही. त्यांचं हे पंख फुटलेलं आयुष्य थोड्या आठवड्यांचं, आणि नर-मादीची ओळख पटते ती प्रकाशाच्या खुणेवर. दिवा असला तर ती खूण पुसली जाते.

सकाळी पुन्हा दरडीपाशी आलोय. पायथ्याशी ताज्या लाल मातीचा छोटासा ढीग आहे. बीळ वीतभर आत गेलंय.