वाड्याची वाट

(पहाट. वरंधा घाटाचं वळण.)

वाडा, म्हणजे मेंढपाळ धनगरांचा फिरता तळ, उजाडायच्या आत हलतो. बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर चढलंय : भांडी, घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघर, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि परवा जन्मलेलं एक कोकरू. घोड्यांचे कासरे बायकांच्या हाती आहेत. गडीमाणसं मेंढरं घेऊन केव्हाच पुढे गेली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला फलटण आणि माण तालुक्यांकडचे धनगर असे घाट उतरून महाडच्या अंगाला येतात.

(भातखाचर. रात्र, मग सकाळ.)

कोकणात तेव्हा भातकापणी उरकलेली असते. मेंढरं खाचरातली धसकटं खातात आणि रात्री त्याच खाचरात बसतात. सकाळी वाघर उचलली की जमिनीवर लेंड्यांचा काळा थर दिसतो. या खतापायी शेतकरी वाड्याची वाट बघायचा आणि बदल्यात तांदूळ द्यायचा. आता पैसेही देतो. पाऊस तोंडावर आला की वाडा पुन्हा घाट चढतो, कारण दख्खनी मेंढीला कोकणातली ओल सोसत नाही, खुरं सडतात. पावसाळा मग देशावरच्या माळावर, बाजरीच्या शेजारी.

आम्ही या वाड्याबरोबर चाललो. मुक्काम कुठे, किती रात्री, कुणाच्या शेतात, सगळं आधी ठरलेलं होतं. याला भटकणं म्हणवत नाही.

(मोजणीचा जुना नकाशा. कॅमेरा रेघांवरून सरकतो.)

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारला शेतसारा हवा होता. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी सारापद्धत सुरू केली. शेताला नंबर पडला, सारा तीस वर्षांसाठी ठरला. दर मुद्दाम हलके ठेवले, म्हणजे पडीक जमीन नांगराखाली येईल. ती आलीही. नंबर पडलेली जमीन पडीक राहिलीच, तर त्यावरच्या गवताचा लिलाव होऊ लागला.

‘पडीक’ या शब्दापाशी जरा थांबूया. हा माळ बघा. बोरी आहेत, बाभळी आहेत, त्यांच्या शेंगा आहेत, पावसानंतर गुडघाभर गवत आहे. मेंढपाळाचं वर्षातलं निम्मं पोट इथं भरतं. सरकारी वहीत मात्र जिथं नांगर नाही, ती जमीन पडीक.

(घाटातला रेल्वेमार्ग. मग जंगलाच्या हद्दीचा दगड, शेवाळलेला.)

खाली माळ आकसत होता, तेव्हाच वरचं रानही हातचं गेलं. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड लागत होतं. १८६५ साली पहिला जंगल कायदा आला, १८७८ साली त्याहून कडक दुसरा. राखीव जंगल झालं, संरक्षित जंगल झालं. जिथं चराईला मुभा उरली, तिथं पास लागायचा : जनावरं किती, आत कधी जायचं, बाहेर कधी यायचं. पाऊस लांबला तर मेंढरं थांबायची, पासाची मुदत थांबायची नाही. हद्द ओलांडली की दंड. शेतात शिरलेल्या जनावरांसाठी १८७१ च्या कायद्याने कोंडवाडे होतेच.

चराईचा कर आधीच्या राजवटींतही होता, हे सांगायला हवं. पण डोंगरांच्या रांगाच्या रांगा अशा दगड रोवून मिटलेल्या नव्हत्या. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात फॉरेस्ट खात्याचा हा जुलूम त्यांनी नाव घेऊन मांडला आहे.

(घोंगडी विणणारे हात. माग.)

उरलेल्या कुरणांवर ताण पडला, दुष्काळात कळप मेले, कुणी शेतमजुरीला लागलं, कुणी गाव धरलं.

(संध्याकाळ. वाडा उतरतोय.)

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे. या वाड्यातल्या कारभाऱ्यांच्या पिशवीत त्याची झेरॉक्स आहे, घड्यांवर फाटलेली. अर्ज कोणत्या ग्रामसभेत करायचा, हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, कारण त्यांची वाट कितीतरी गावांतून जाते.

तीन दगडांची चूल पेटली. परवाचं कोकरू आईला लुचतंय. उद्याचा मुक्काम टेकडीपलीकडे आहे, आणि मधे त्या हद्दीच्या दगडांची रांग.