वंदना नेमकी ऐकतं कोण?

(वर्षावासातील, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या धम्मश्रवणाच्या काळातील, व्याख्यानमालेत छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

आयुष्मान आणि आयुष्मतींनो, सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

आत्ता आपण सगळ्यांनी मिळून वंदना घेतली. सूर छान लागला होता, पुढच्या रांगेतल्या महिला मंडळाचा तर विशेष. आता मी जरा आगाऊ प्रश्न विचारतो. ही वंदना ऐकली कुणी? बुद्ध देव नाहीत, हे आपण शाळकरी पोरालाही ठणकावून सांगतो. कुशिनाऱ्याला त्यांचं महापरिनिर्वाण झालं, ते कुठे आकाशात बसून आपल्याकडे बघत नाहीत. मग 'नमो तस्स भगवतो' हे जातं कुणाच्या कानी? आणि कुणाच्याच जात नसेल, तर रोज मेणबत्ती-अगरबत्ती लावून पालीत बोलायचं कशासाठी?

असा प्रश्न विचारला की काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडायचं कारण नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना हेच विचारतो, आणि आपल्यापेक्षा तिखट भाषेत विचारतो. बुद्ध पूजा स्वीकारत असतील तर ते परिनिर्वाण पावले नाहीत, अजून या जगात गुंतलेलेच आहेत. आणि स्वीकारत नसतील तर तुमची पूजा वांझोटी आहे. सांगा, यातलं खरं काय? नागसेन सांगतात, महाराज, मोठा अग्नी पेटला आणि विझला. विझलेला अग्नी आता गवत, लाकूड स्वीकारतो का? नाही. मग जगातला अग्नीच संपला का? तेही नाही. ज्याला अग्नी हवा असतो तो स्वतःच्या बळावर लाकडावर लाकूड घासतो आणि निर्माण करतो. पूजेचं फळ असंच करणाऱ्याच्या कष्टातून येतं. घेणारा कुणी असण्याची त्याला गरज नाही.

बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या गावात कॉलेज काढलं. त्या कॉलेजला नाव मिळालं प्रश्न विचारणाऱ्याचं आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचं: मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन. तेव्हा या गावात तरी वंदनेबद्दल शंका काढणाऱ्या पोराला कुणी गप्प बसवू नये.

नागसेनांचं उत्तर हाताशी धरून आपल्या गाथा एकेक करून पाहिल्या, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांत मागणं जवळजवळ नाहीच. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं, आणि पंचशील, म्हणजे पाच शिलं, घेतलं आणि मग स्वतः समोरच्या लाखोंना दिलं. पंचशिलातली प्रत्येक ओळ 'समादियामि'वर संपते. मी हे शिक्षापद घेतो. पाणातिपाता वेरमणी, म्हणजे जीव घेण्यापासून दूर राहण्याचं. अदिन्नादाना, न दिलेलं न घेण्याचं. मग व्यभिचार, खोटं बोलणं. हुकूम सोडणारा कुणी नाही. म्हणणारा स्वतःच बांधून घेतो आणि शेजारी उभे असलेले चार जण ते ऐकतात. बायको ऐकते, पोरं ऐकतात. पाचव्या शिलाचं ते लांबलचक 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना' एका दमात बिनचूक म्हणणारा गडी संध्याकाळी कुठे सापडतो, हे वस्तीला ठाऊक असतं. नाव घेत नाही, पण हसताय म्हणजे कळलंय.

शरण जाण्याबद्दलही गैरसमज आहे. अखेरच्या वर्षावासात, बेलुव गावी आजारातून उठल्यावर भगवंत आपले शिष्य आनंद यांना सांगतात: अत्तदीपा विहरथ, अत्तसरणा, अनञ्ञसरणा. स्वतःचा आधार स्वतः व्हा, दुसऱ्या कुणाला शरण जाऊ नका. आणि त्याच ओघात, धम्माला शरण असा. ही दोन वाक्यं तिथे एकत्र आहेत, एकमेकांना छेद देत नाहीत. बुद्धं सरणं गच्छामि म्हणताना मी माझा भार कुणाच्या अंगावर टाकत नाही. कुठल्या वाटेनं चालणार, एवढं तीनदा बोलून पक्कं करतो.

आता फुलांच्या गाथेपाशी थोडं थांबू या, कारण आपण ती सगळ्यात घाईनं उरकतो. वण्णगन्धगुणोपेतं, रंग-गंध-गुणांनी युक्त अशी ही फुलं मी वाहतो, अशी सुरुवात. कुठल्याही पूजेत शोभावी अशी. पण शेवट बघा: पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं. हे फूल जसं कोमेजतं, तसा माझा हा देहही विनाशाकडे चालला आहे. फूल वाहताना, उजव्या हातात ते ताजं असताना, माणसानं स्वतःच्या मरणाची आठवण काढायची! लग्नात म्हणतो, बारशाला म्हणतो, गेलेल्या माणसाच्या पुण्यानुमोदनाला म्हणतो. पुण्यानुमोदनात ती कळते, कारण समोर हार घातलेला फोटो असतो. बारशाला कळत नाही. पाळण्यातल्या बाळासमोर आपण काय म्हणून गेलो, हे कळलं तर क्षणभर थबकायला होईल. मला ही सगळ्या वंदनेतली सर्वांत धीट ओळ वाटते.

महामंगल सुत्तात तर देवपुत्र सरळ विचारतो, लोक शुभ-अशुभाचा विचार करतात, तर उत्तम मंगल कोणतं ते सांगा. श्रावस्तीच्या जेतवनातला हा प्रसंग. उत्तरात परंपरेनं अडतीस मंगलं मोजली जातात. मूर्खांची संगत नको, शहाण्यांची धर. भरपूर ऐकणं-शिकणं, हातात कसब असणं, आईवडिलांची सेवा, बायकापोरांचा सांभाळ, गोंधळ नसलेला कामधंदा. त्यात ग्रह नाहीत, नक्षत्रं नाहीत, मुहूर्त नाही. आणि आपल्याकडे पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापून तारीख मात्र गुपचूप पंचांगातून काढणारी घरं मी पाहिली आहेत. मग बौद्धाचार्यांनी तिथे महामंगल सुत्त म्हणायचं, आणि कुणालाच त्यातला विनोद कळत नाही.

इथे परित्राणाचा, म्हणजे रक्षणासाठी सुत्तं म्हणण्याचा विषय येतो; पालीत त्याला परित्त म्हणतात. पांढरा दोरा सगळ्यांच्या हातातून फिरवलेला, मधे पाण्याचं भांडं, शेवटी मनगटावर दोरा. त्यात ताकद आहे का, असं मला दर वर्षी विचारलं जातं. मी अंगुलिमालाची गोष्ट सांगतो. माणसं मारून बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भिक्खू झाला. एके दिवशी श्रावस्तीत भिक्षेला फिरताना त्याला अडलेली बाळंतीण दिसली. पोटात कालवलं, परत येऊन भगवंतांना सांगितलं. ते म्हणाले, तिच्याकडे जा आणि म्हण, 'भगिनी, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतल्याचं मला आठवत नाही, या सत्यानं तुझं आणि गर्भाचं कल्याण होवो.' अंगुलिमाल म्हणाला, भन्ते, हे तर धडधडीत खोटं होईल! मी किती जणांना मारलंय! मग भगवंतांनी एकच दुरुस्ती केली: 'अरियाय जातिया जातो', आर्य जन्म झाल्यापासून, म्हणजे भिक्खू झाल्यापासून, असं म्हण. तो गेला, म्हणाला, बाई सुटली. श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात गरोदर बाईसाठी आजही हे परित्त म्हणतात.

तुम्ही चमत्कार मानू नका, माझी हरकत नाही. पण ही गोष्ट सांगणाऱ्यानं काय जपलंय ते बघा. शब्द कितीही शुभ असले तरी म्हणणाऱ्याच्या आयुष्यात ते खरे नसतील तर चालणार नाहीत, एवढा काटेकोरपणा. रतन सुत्तातलं 'एतेन सच्चेन सुवत्थि होतु' याच जातीचं आहे. आधी बुद्ध, धम्म, संघाबद्दल एकेक सत्य सांगायचं आणि मग या सत्यानं कल्याण होवो म्हणायचं.

आणि परंपरेनं स्वतःच मर्यादाही आखून ठेवल्या. मिलिंद पुन्हा डिवचतो: आकाशात, समुद्रात, डोंगराच्या कपारीत कुठेही लपलं तरी मरण चुकत नाही, असं तुमचे बुद्ध सांगतात, मग परित्राण कशाला? नागसेन कबूल करतात की ज्याचं आयुष्य सरलं त्याला परित्त वाचवत नाही. आयुष्य शिल्लक असलं तरी तीन गोष्टी आड येतात: कर्म, मनातले क्लेश आणि अश्रद्धा. दोन हजार वर्षांपूर्वीचा भिक्खू हे बोलतो, तेव्हा आपण तापानं फणफणलेल्या माणसाला दवाखाना सोडून पाण्याचा तांब्या दाखवू नये, एवढं तरी पाळू या.

याहून रोखठोक स्वतः भगवंत बोलले आहेत. नालंदेला असिबन्धकपुत्त नावाचा गावप्रमुख आला आणि म्हणाला, पश्चिमेकडचे ब्राह्मण मेलेल्याला स्वर्गात पोचवतात म्हणे, तुम्ही सगळ्या जगाला पोचवाल का? भगवंतांनी विचारलं, एखाद्यानं मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि पुष्कळ लोक जमून, हात जोडून, प्रदक्षिणा घालत, धोंड्या वर ये, तरंग, काठाला लाग, अशी आळवणी करू लागले, तर तो वर येईल का? नाही. आणि तुपाचा घडा पाण्यात बुडवून फोडला, खापऱ्या खाली गेल्या, तूप वर आलं; लोकांनी तुपाला बुड बुड म्हणून विनवलं तर बुडेल का? तेही नाही. सामुदायिक प्रार्थनेवर इतकी झणझणीत टीका मी तरी दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथात वाचलेली नाही.

मग पठणाचा उपयोग काय? पहिला अगदी व्यवहारी: हा धम्म कंठातून कंठात टिकला. ग्रंथ श्रीलंकेत लिहिले गेले ते शेकडो वर्षांनी. तोवर भाणकांनी, म्हणजे पाठ म्हणणाऱ्या भिक्खूंनी, तो पाठ करून सांभाळला. कार्ल्याला गेलात तर चैत्यगृहातल्या खांबांवरचे लेख आवर्जून बघा. त्यांतल्या एकात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचं दान नोंदलेलं आहे. आपल्या सह्याद्रीत, आपल्या पायाखालच्या दगडात, पाठ म्हणणाऱ्याचं नाव आहे! राजांची नावं सगळ्यांना पाठ असतात, या माणसाचं कुणाला माहीत नसतं.

मात्र चालीत फार रमायचं नाही, अशीही ताकीद आहे. लांब आळवून गाण्याच्या सुरात धम्म म्हटला तर पाच तोटे, असं अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात येतं: म्हणणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारेही आवाजावरच भाळतात, गृहस्थ नावं ठेवतात, चित्ताची एकाग्रता मोडते आणि पुढची पिढी तेच गिरवते. भीमजयंतीला कर्ण्यावर त्रिशरण रिमिक्स वाजतं, तेव्हा मला पाचही तोटे एका दमात आठवतात.

महायानात गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. तिथे मंत्र आले, धारणी म्हणजे मंत्रासारखी लांब पठणं आली. 'ॐ मणिपद्मे हूं' हा अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचा सहा अक्षरी मंत्र तिबेटी माणसाच्या ओठांवर आणि प्रार्थनाचक्रावर असतो. त्यामागची श्रद्धा बघायला तिबेटात जायला नको, आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात जा. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेणीत, दर्शनी भिंतीवर, उभा अवलोकितेश्वर आहे आणि दोन्ही बाजूंना चार-चार प्रसंग. आग, दरोडेखोर, बेड्या, फुटणारी नाव, सिंह, साप, हत्ती, आणि साक्षात मृत्यू. प्रत्येक चौकटीत चिमुकली माणसं हात जोडून त्याच्याकडे वळलेली. हे व्यापाऱ्यांचं भय आहे, घाटातून बैल हाकणाऱ्यांचं आणि सोपारा-कल्याणहून गलबतं सोडणाऱ्यांचं. बाबासाहेबांच्या वाटेवर असा धावून येणारा तारणहार बसत नाही, मलाही तो मानवत नाही. पण त्या भिंतीसमोर उभं राहून हसू मात्र येत नाही.

जपानचे भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांचा 'नम्यो हो रेंगे क्यो' हा सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा घोष आश्रमाच्या प्रार्थनेत शिरला आणि सेवाग्रामला अजून म्हटला जातो. उलट टोकाला इगतपुरीचं धम्मगिरी: गोएंका गुरुजींच्या शिबिरात पहाटे पाली पठण कानी पडतं, पण साधकाला आनापानाबरोबर, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघताना, कुठलाही शब्द, मंत्र, नाम जोडायला सक्त मनाई. नुसता श्वास बघायचा. एकाच भगवंताचं नाव घेणाऱ्यांत हा एवढा पल्ला आहे.

शेवटचा मुद्दा लाभाचा, कारण घरी गेल्यावर विचारतीलच की गाथा म्हणून काय मिळतं. मेत्तेचे, म्हणजे सगळ्यांबद्दलच्या मैत्रीभावनेचे, अकरा लाभ सुत्तात दिलेत. सुखानं झोप लागते, सुखानं जाग येते, वाईट स्वप्नं पडत नाहीत, माणसांना आपण आवडू लागतो, चित्त लवकर स्थिरावतं, चेहरा प्रसन्न होतो, मरताना गोंधळ उडत नाही. यादी मोहात पाडणारी आहे. पण ती सुरू होताना अट घातलीय: मेत्ता वाढवलेली, पुनःपुन्हा केलेली, अंगवळणी पडलेली हवी. नुसती म्हटलेली, असं तिथे नाही. करणीय मेत्त सुत्त सांगतं, आई जशी एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते तसं मन सगळ्या जीवांबद्दल करावं. कधी? तिट्ठं चरं निसिन्नो वा सयानो वा. उभं असताना, चालताना, बसल्यावर, आडवं झाल्यावर, झोप येईपर्यंत. म्हणजे एसटीच्या गर्दीत सुद्धा, आणि भावकीचा जमिनीचा दावा तारखेला लागला असेल त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सुद्धा. तिथे समोरच्या पार्टीकडे बघून हे मनात म्हणता येतं का, ते करून पाहा.

वर्षावास संपायला अजून बरेच रविवार आहेत. दर रविवारी एकच गाथा घेऊ. आधी अर्थ सांगायचा, मग म्हणायची, आणि अर्थ सांगणारा दर वेळी नवा. पुढच्या रविवारी फुलांची गाथा आहे. अर्थ कोण सांगणार, त्यानं आत्ताच हात वर करा, वहीत नाव लिहून घेतो.