नेमबाजीचा सामना घडवतो कोण?

(देवरुख येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘रायफल नेमबाजीचे सामने कसे होतात’. त्याकडे येतोच. पण देवरुखात उभं राहून नेमबाजीवर बोलायचं आणि दादासाहेब मावळणकरांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही.

गणेश वासुदेव मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, एवढं आपण शाळेत शिकतो. त्यांचं घराणं मूळचं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. सुरुवातीचं काही शिक्षण राजापूरला झालं, मग ते अहमदाबादला गेले आणि तिथलेच झाले. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते. देशभरातली पोरं ‘यंदा मावळणकर खेळलो’ असं सहज म्हणतात आणि त्या नावामागचं गाव आपल्या जिल्ह्यातलं आहे, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. ते त्यांना सांगा.

खेळाडूंची आपल्याकडे वाण नाही. पनवेलला सुमा शिरूर मुलं घडवताहेत. त्यांनी २००४ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मारले होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला. घाट चढून गेलात की कोल्हापूर. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० च्या जगज्जेत्या, आणि स्वप्नील कुसळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य तर तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आपल्याकडे कमी आहेत ती सामना घेणारी माणसं. मला आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

किनाऱ्यावरच्या एका गावात आंतरशालेय सामना होता. दहा मीटर एअर रायफल, कागदी टार्गेट. ऑक्टोबरचा उकाडा, हॉलवर पत्रा. मुलांनी जाड कॅनव्हासची जॅकेटं चढवलेली, पट्टे आवळलेले. त्या जॅकेटात उभं राहणं काय असतं ते घातल्याशिवाय कळत नाही. घाम पाठीवरून थेट बुटात उतरतो. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत. तासभर मुलं ताटकळली. शेवटी सामना सुरू केला, तोही तयारीचा वेळ कापून. नियमाने सामन्याआधी पंधरा मिनिटं तयारी आणि साइटिंगची असतात. साइटिंग म्हणजे गुण न धरले जाणारे शॉट. मुलांना मिळाली जेमतेम पाच.

तिथे एक आठवीतली मुलगी होती. तिची उभं राहायची पद्धत मला अजून दिसते. डावं कोपर कमरेच्या हाडावर अचूक टेकवलेलं, गाल चीकपीसवर, श्वास अर्धा सोडून थांबलेला. होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, बसत नसला की शॉट न मारता ती रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा उचलायची. एवढ्या वयात शॉट सोडून देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मोठमोठ्यांना ती जमत नाही.

निम्म्याहून जास्त शॉट झाले आणि पाहुणे आले. संयोजकांनी सामना थांबवला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, आणि मग फोटोसाठी मंडळी थेट फायरिंग लाइनच्या पुढे गेली. रायफली टेबलांवर तशाच. कुणी ‘अनलोड’ म्हटलं नव्हतं, चेंबर रिकामे आहेत का ते बघितलं नव्हतं, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून घालायचे सेफ्टी फ्लॅग लावायला सांगितले नव्हते. मी ओरडलो. लोकांना वाटलं, मी पाहुण्यांचा अपमान केला.

वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा ‘स्टार्ट’ झाला. त्या मुलीने हात वर केला आणि साइटिंग मागितलं. तिचं बरोबर होतं. खेळाडूची चूक नसताना सामना पाच मिनिटांहून जास्त थांबला, तर त्याला उरलेल्या वेळेवर पाच मिनिटं वाढवून मिळतात आणि गुणांचे शॉट सुरू करण्याआधी हवे तेवढे साइटिंग शॉट मारता येतात. तिला उत्तर मिळालं, ‘बाळ, नियम आम्हाला शिकवू नकोस.’ ती गप्प उभी राहिली. पुढचे तीन शॉट आठ गुणांच्या वर्तुळात गेले. त्यानंतर ती मला एकाही सामन्यात दिसली नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

एअर रायफलच्या टार्गेटवर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं? अर्धा मिलिमीटर. वहीवर पेन टेकवल्यावर उठतो तेवढा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. थंड झालेलं शरीर, सुकलेला घाम, बदललेला उजेड, एवढ्यानेही शॉट हलतो. म्हणून ते साइटिंग. ती मेहेरबानी नव्हे, खेळाडूचा हक्क आहे.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा सामना कसा होतो ते आता भराभर सांगतो.

आधी साहित्याची तपासणी: एअर रायफल साडेपाच किलोच्या आत, जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरहून जाड नको, कडकपणाही मोजतात. मग लेन मिळते. तयारी आणि साइटिंग, ‘स्टॉप’, थोडा विराम, आणि ‘मॅच फायरिंग, स्टार्ट’. साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पंचाहत्तर मिनिटं, कागदावर नव्वद. दहा मिनिटं उरली की एकदा पुकारा, पाच उरली की पुन्हा. कागदावर छिद्राची कड रेषेला लागली तर वरचा गुण. शंका आली की गेज, म्हणजे छिद्रात घालायचं मोजमापाचं साधन, घालून बघायचं. आपल्याकडे पावसात कागद दमट होतो, छिद्राच्या कडा फाटतात, म्हणून कोकणातल्या पंचाचा हात गेजवर जास्त बसलेला हवा. टार्गेटं कोरड्या डब्यात ठेवा, हेही पंचाचंच काम.

पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून वीस-वीस शॉट. पहिले आठ अंतिम फेरीत. इथे नियम काय करतो बघा. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला दहा मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्राचे पात्रतेतले ५९६ गुण अंतिम फेरीत धरले गेले; तिथे त्याने १०४.५ मारले आणि ७००.५ वर सुवर्ण आलं. पुढे नियम बदलला, अंतिम फेरी शून्यापासून सुरू व्हायला लागली. पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कुसळे ५९० गुणांवर सातवा म्हणून आत गेला, सगळ्यांबरोबर शून्यावर उभा राहिला आणि ४५१.४ वर तिसरा आला.

शेवटचं सांगतो. दहा मीटरच्या सामन्याला शाळेचा हॉल पुरतो. मागे भक्कम भिंत, टार्गेटवर सारखा उजेड, लाइनच्या पुढे उघडणारं प्रत्येक दार आतून बंद, आणि घड्याळ हातात घेऊन उभा असलेला एक माणूस, जो मंत्री आला तरी सामना थांबवणार नाही. तालुक्यात अशी पाच माणसं तयार करायला मी शनिवार-रविवार यायला तयार आहे, मानधन नको. शिक्षकांनी जाताना नाव आणि शाळेच्या हॉलची लांबी लिहून द्यावी. बारा-तेरा मीटर असली तरी चालेल.