तात्या विंचू, वॉशिंग मशीन आणि मी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय फार भारदस्त छापलाय. ‘जुने कौटुंबिक चित्रपट आणि बालप्रेक्षक : निवडीचे निकष’. निकष आहेत, चार आहेत, खिशात लिहून आणलेत. पण आधी नातवाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझं व्याख्यान सुरू होत नाही, हे पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या मंडळींना ठाऊक आहे. त्या आत्ताच घड्याळ बघताहेत.

नातू तेव्हा साडेपाच वर्षांचा. मे महिना. लेक-जावई एका लग्नाला गेलेले आणि जाताना सक्त ताकीद, पोराच्या हातात मोबाइल द्यायचा नाही. म्हटलं, मोबाइल कशाला, आपण आपला चांगला घरगुती सिनेमा दाखवू. लावला ‘झपाटलेला’. १९९३ साली हाच सिनेमा मी याच्या आईला थिएटरात दाखवला होता. मला काय आठवत होतं? लक्ष्मीकांत बेर्डेंची धांदल. महेश कोठाऱ्यांचं ‘डॅम इट’. रामदास पाध्यांचा तो बाहुला, तात्या विंचू, आणि ‘ओम फट् स्वाहा’. हसून हसून पोट दुखलं होतं, एवढंच डोक्यात शिल्लक.

आता गोष्ट काय आहे बघा. एक खुनी गुंड पोलिसाची गोळी लागून मरता मरता मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि त्यातून सुटण्यासाठी त्याला लक्ष्या नावाच्या एका साध्यासुध्या माणसाचं शरीर हवं असतं. असं एका वाक्यात मला कुणी सांगितलं असतं आणि विचारलं असतं, ‘साडेपाच वर्षांच्या मुलाला दाखवू का?’ तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मला गोष्ट आठवतच नव्हती हो. हशा आठवत होता.

पोरगं गप्प बसून बघत होतं. मूल गप्प बसलं की आपल्याला वाटतं, रमलं. मी निवांत झालो. मध्यंतराच्या सुमारास माझा डोळाही लागला.

रात्री दोन वाजता दंडाला बोट टोचलं. ‘आबा, तो बघतोय.’ कपाटावर त्याचाच एक कापडी विदूषक ठेवलेला. मी म्हटलं, ‘अरे वेड्या, बाहुला आहे तो. काही नसतं. झोप.’ हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

सकाळी विदूषक गायब. पोरानं तो चादरीत गुंडाळून, चादरीला दोन गाठी मारून वॉशिंग मशीनमध्ये कोंबलेला. हिनं चादर दिसली म्हणून पावडर टाकून मशीन लावलं. विदूषकाच्या टोपीला पितळी घुंगरं. आतून ठक ठक, छुन छुन, ठक ठक. आणि पोरगं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून किंचाळतंय, ‘तो बाहेर येतोय! आजी, तो बाहेर येतोय!’ (हशा) हसा, हसा. तेव्हा मीही हसलो होतो. त्यानंतर तीन आठवडे ते पोर एकटं बाथरूमला गेलं नाही.

लेकीचा फोन आला. ‘बाबा, दाखवण्याआधी तुम्ही बघितला होता का?’ म्हटलं, ‘अगं, तुलाच तर घेऊन गेलो होतो! किती हसलीस तू!’ ती म्हणाली, ‘मी नऊ वर्षांची होते, आणि मध्यंतरानंतर सबंध वेळ तुमच्या बगलेत तोंड खुपसून बसले होते. हसत तुम्ही होतात.’

मंडळी, माझं सगळं म्हणणं इथे आहे. जुना सिनेमा निवडताना आपण सिनेमा निवडतच नाही, आपली आठवण निवडतो. आणि आठवणीइतका निर्दय संपादक दुसरा नाही. १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ घ्या. मोगॅम्बो कुणाला आठवतो? झालं, सगळे हात वर. त्यातली चिमुरडी टीना बॉम्बस्फोटात मरते, हे कुणाला आठवतं? ...बघा. तीन हात.

आमच्या शाळेत तर हे संपादन यंत्रानंच केलं होतं. भाड्याच्या प्रोजेक्टरवर पटांगणात ‘श्यामची आई’ लावला. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. शेवटच्या रिळाला फिल्म तुटली. ऑपरेटरनं दोनदा चिकटवली, दोनदा तुटली. दुसरीची पोरं पेंगायला लागली, हेडमास्तरांनी घरी पाठवली. पुढे कित्येक दिवस आमच्या दुसरी ‘ब’च्या मते श्यामची आई बरी झाली होती. एका मुलीनं तर निबंधात तिला वाडीला नेऊन आणलं. मी मार्क कापले नाहीत.

(घंटा) पहिली घंटा का शेवटची? पाच मिनिटं? बरं. मग निकष.

काही दिवसांनी मी नातवाला विचारलं, ‘भीती कशाची वाटली रे? डोळ्यांची? आवाजाची?’ तो म्हणाला, ‘लक्ष्या सगळ्यांना सांगत होता, आणि कुणी ऐकतच नव्हतं.’ मी गार. कारण सिनेमात जे सगळे लक्ष्याला सांगतात, तेच मी रात्री दोन वाजता त्याला सांगितलं होतं. काही नसतं, झोप. म्हणून पहिला निकष : भूत मोजू नका, रक्त मोजू नका. त्या गोष्टीत ऐकून घेणारं मोठं माणूस आहे का, ते बघा. ‘श्यामची आई’त मार आहे. पोहायला भितो म्हणून श्यामला शिंपटीचे फटके बसतात, आणि ‘छडी लागे छम छम’ हे तर छडीचंच गाणं. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आज ते नातवंडांना समजावून सांगावं लागतं. पण तिथे मारणारी आईच नंतर रडते, हे मुलाला दिसतं. त्यातली खरी अडचण तिचं जाणं. ज्याची आई त्या आठवड्यात कामासाठी परगावी आहे, त्याला तो त्या आठवड्यात दाखवू नका. दुसऱ्या आठवड्यात खुशाल दाखवा.

दुसरा : थिएटरात शेकडो माणसं हसत होती, म्हणून मुलाला कळत होतं की ही गंमत आहे. घरी ते हसू तुम्ही पुरवायचं. झोपायचं नाही.

तिसरा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र. १९८३ च्या आधी आपल्याकडे यू म्हणजे सर्वांसाठी आणि ए म्हणजे प्रौढांसाठी, एवढंच होतं. म्हणजे त्या काळच्या सिनेमावर ‘यू’ दिसलं तर अर्थ इतकाच, की तो फक्त प्रौढांसाठी नाही. मग यूए आलं, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायचं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे सात, तेरा, सोळा वर्षं असे भाग पाडले. पण जुना सिनेमा जुनाच शिक्का घेऊन तुमच्या टीव्हीवर येतो. शिक्क्यावर विसंबू नका, आदल्या रात्री एकट्यानं पूर्ण बघा. दोन-सव्वादोन तास जातात, जाऊ द्या.

चौथा... अध्यक्ष उभेच राहिले. चौथा म्हणजे, मूल ‘बंद करा’ म्हणालं तर त्याच क्षणी बंद करायचा, ‘आता गंमत आहे पुढे’ असं म्हणायचं नाही. यावर खरं म्हणजे अर्धा तास लागतो.

नातू आता अकरा वर्षांचा आहे. परवा मीच म्हटलं, धाकटीला आपला ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवू या. तो म्हणाला, ‘थांबा आबा, आधी मी बघतो.’ आणि दार लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज येत होता. मला काही आत घेतलं नाही.