हर्णैच्या होडीवरचा अर्धा ओहम

जुलैचा शेवटचा आठवडा. कोकणातल्या हर्णैच्या होड्या पावसाळ्याच्या आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत आल्यात. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल, त्याआधी रंग, जाळी, इंजिन, वायरिंग, सगळं उरकायचंय.

या होडीवरचा दिवा मंद जळतो. तरुण तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नवी बॅटरी आणायला निघालाय. वायरमनकाका त्याला थांबवतात. "थांब रे. आधी पाणी कुठं मुरतंय ते बघू."

काका दिवा चालू ठेवूनच मोजतात. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक आहे. दिव्यापाशी मात्र १०.४. मग एक तार सोडवून मीटर मध्ये जोडतात, तेव्हा करंट दिसतो ४ अँपिअर. (मीटर अँपिअरवर असताना त्याच्या दोन्ही पिना थेट बॅटरीला कधीही लावू नयेत. क्षणात फ्यूज उडतो.)

आता हिशेब. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, ओहममध्ये मिळतो; गुणलं की शक्ती, वॅटमध्ये. वाटेत २ व्होल्ट हरवले. २ भागिले ४, म्हणजे तारांचा आणि सांध्यांचा रोध अर्धा ओहम. २ गुणिले ४, म्हणजे ८ वॅट नुसत्या उष्णतेत गेले. दिव्याला मिळाले १०.४ गुणिले ४, ४१.६ वॅट. दोन्हींची बेरीज ४९.६, आणि बॅटरीने दिलेले १२.४ गुणिले ४ सुद्धा तेवढेच. हिशेब चोख जुळला.

हा नियम जर्मनीतल्या गेओर्ग ओहमने १८२७ साली पुस्तकात मांडला. तेव्हाच्या बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्ट, सारखा खाली-वर व्हायचा, म्हणून त्याने तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड वापरला. त्याची टोकं कमी-जास्त तापलेली असली की वीज तयार होते. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दाब स्थिर झाला, तेव्हा कुठे नियम हाती लागला.

अर्धा ओहम आहे तरी कुठे? काका एकेका सांध्याच्या दोन्ही बाजूंना पिना टेकवत जातात. ०.०५. ०.०५. आणि मग एकदम १.६ व्होल्ट! चिकटपट्टी सोलली की आत हिरवट भुकटी. खारी हवा तांब्याला अशी खाते. या एका गाठीचा रोध १.६ भागिले ४, ०.४ ओहम. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत ६.४ वॅट. तांडेल बोट लावतो आणि लगेच मागे घेतो.

मीटर सरळ ओहमवर ठेवून हे का नाही सापडलं? कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच जवळपास एवढा असतो. आणि दिव्याची तार थंड असताना फारच कमी रोध दाखवते, पेटल्यावर तो कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून चालू दिव्यावर व्होल्ट आणि अँपिअर घ्यायचे, रोध हिशेबाने काढायचा. काका वर्षानुवर्षं असंच करत आलेत आणि तेच बरोबर आहे.

गाठ कापली, तांबं घासून लखलखीत केलं, झाळलं, वर रबरी नळी चढवली. पुन्हा दिवा. ११.९ व्होल्ट, ४.३ अँपिअर, साधारण ५१ वॅट. दिव्याचा रोधही थोडा वाढलाय, २.६ वरून पावणेतीनच्या आसपास, कारण आतली तार आता जास्त तापलीय.

नवी बॅटरी आणायची गरज उरली नाही. काका मात्र उठत नाहीत. इंजिनखोलीत अजून आठ सांधे बघायचे बाकी आहेत.