गरम नळाला गार पाणी

नमस्कार मंडळी. साताऱ्यात थंडी पडली, अजिंक्यताऱ्याकडनं वारं सुटलं की सकाळी 7 वाजता बाथरूममधून हाक येतेच, अहो, पाणी गारच येतंय! आणि घर भाड्याचं असलं की लगेच पुढचा प्रश्न, मालकांना फोन करायचा का? थांबा जरा, आधी आपण बघू.

गिझरचं बटण चालू आहे का, एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा खटका पडलाय का हे तुम्ही बघितलंच असणार, त्यात वेळ घालवत नाही. 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर 20-25 मिनिटांत पाणी कडक करतो. तासभर दिवा लागून पाणी गारच तर पाणी तापवणारी कॉईल नाहीतर तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट गेलाय. बोअरचं पाणी असेल तर कॉईलवर क्षारांचा थर बसतो, मग वेळ लागतो आणि आतून कडकड आवाज येतो. कास तलावाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं ते सुखी. आणि एमसीबी सारखा पडत असेल तर परत परत वर करू नका, कॉईल फुटली असेल तर करंट पाण्यात उतरतो. परत परत वर करू नका, वायरमनला बोलवा.

तसं माझं मत विचाराल तर तांब्याच्या बंबाची सर कशालाच नाही. चार चिपाडं, दोन शेणी, वरून गार ओतलं की तोटीतून वाफाळतं पाणी, ना एमसीबी ना थर्मोस्टॅट. पण आता भाड्याच्या घरात बंब घेऊन गेलात तर मालक दारातूनच परत पाठवतील.

बरं, आता खरी गोष्ट सांगतो. आम्ही शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं होतो, खाली मालकीण आजी, गच्चीवर पाणी तापवायचा सोलर, दोन्ही घरांना मिळून एकच. वर्षभर छान चाललं आणि एका डिसेंबरात पाणी कोमट यायला लागलं. गच्चीत जाऊन टाकीच्या पाईपला हात लावला तर चटका बसला, आणि नळाला कोमट! प्लंबर आला, म्हणाला ट्यूबा खराब झाल्यात, दोन बदलल्या, पैसे आमचे गेले कारण आजी म्हणाल्या, वापरतंय कोण? पाणी कोमटच. दुसरा आला, म्हणाला लाईनीत हवा धरलीय, त्यानं पाईप सोडून परत जोडला, पाणी कोमटच. आमच्या मंडळींनी तोवर चुलीसारखा गॅसवर डबा चढवला होता, सिलेंडर वीस दिवसांत संपला.

मग एक म्हातारे प्लंबर मामा आले, करंज्याकडचे. त्यांनी पान्यालाही हात लावला नाही. मला म्हणाले, "खाली जा आन् गरम नळ सोडून ठिवा." आणि स्वतः गच्चीत जाऊन सोलरचा व्हॉल्व बंद केला. गरम पाणी येणारी वाटच बंद, म्हणजे नळ थांबायला पाहिजे ना? नळ धो धो चालू! मामा वरूनच ओरडले, "येतंय का पाणी?" मी म्हटलं येतंय की! "मग घरात कुठंतरी गार पाणी गरमाच्या लाईनीत घुसतंय."

आजींचं बाथरूम उघडलं आणि उलगडा झाला. पुण्याच्या नातवानं दिवाळीत त्यांना नवा हॅन्डशॉवर बसवून दिला होता, मिक्सरवर, म्हणजे गरम-गार एकत्र येणाऱ्या नळावर, टोकाला बटण. आजी गरम-गार दोन्ही चाव्या तशाच उघड्या ठेवून फक्त टोकाचं बटण बंद करायच्या. गार पाण्याची टाकी सोलरच्या वर असते, तिचं प्रेशर जास्त, त्यामुळे गार पाणी मिक्सरमधून गरम लाईनीत शिरून थेट आमच्या नळाला! आजी म्हणाल्या, "अरे सारखं कोण चाव्या फिरवंल, हात दुखत्यात माझं."

तर हे ध्यानात ठेवा, परत सांगतो. सोलर असो की गिझर, आत जाणारा नाहीतर बाहेर येणारा व्हॉल्व बंद करा आणि गरम नळ सोडा. मिनिटभरानंतरही पाणी येतच राहिलं तर गिझर बिचारा निर्दोष आहे, मिक्सर बघा, जेट बघा. मिक्सरच्या गरम-गार लाईनींवर नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारा व्हॉल्व, बसवला की कायमचं काम होतं.

खूण झाली, वेळ संपत आलाय. गॅस गिझरवाल्यांनो, पेटत नसेल तर आधी सेल बदला, वरच्या मजल्यावर प्रेशर कमी असेल तरी पेटत नाही. आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेवा, कितीही थंडी असू दे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस पडतो. खिडकी उघडी!

ट्यूबांचे पैसे आजींनी दिले का, असं विचाराल. नाही दिले. पण त्या दिवसापासून रोज रात्री जिन्यातून हाक यायची, "केल्या बरं का रे बंद दोन्ही चाव्या!" नमस्कार.