पळींज दिसण्याआधी

कोकणातलं खाचर. भात निसवलंय, लोंब्या दाण्याच्या भाराने वाकायला लागल्यात. त्यात या काही मात्र ताठ उभ्या, पांढऱ्याफटक. दाबून बघा, एकाही दाण्यात दूध नाही. शेतकरी याला पळींज म्हणतात.

लोंबी ओढली की अलगद हातात येते. तिचं खालचं टोक कुरतडलेलं आहे. आता खोड उभं चिरू. आत ओलसर भुसा, विष्ठा, आणि ही फिकट पिवळी, गडद डोक्याची अळी. पिवळा खोडकिडा, म्हणजेच स्किर्पोफॅगा इन्सर्टुलास. पूर्ण वाढली तरी जेमतेम २ सेंटिमीटर. एका खोडात बहुधा एकच असते, पण लोंबीचा अन्नरस तोडायला तेवढी पुरते.

फुटव्यांच्या काळात ती शिरली तर मधला पोंगा वाळतो, ती गाभेमर. तेव्हा भात नवे फुटवे काढून थोडंफार सावरतं. पोटरीनंतर, म्हणजे लोंबी पानाच्या कोषात भरल्यावर, सावरायला वेळच उरत नाही. पळींज दिसल्यावर केलेली फवारणी म्हणजे पैसा पाण्यात.

म्हणून नजर हवी ती आधी, या अळीच्या पतंगावर. मादीच्या पिवळ्या पुढच्या पंखांवर एकेक ठळक काळा ठिपका असतो. पानाच्या शेंड्याजवळ ती पुंजक्याने अंडी घालते आणि स्वतःच्याच पोटाच्या टोकावरचे तपकिरी केस चिकटवून ती झाकते. साधारण आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात. काही रेशमी धाग्याला लोंबकळत वाऱ्यासरशी शेजारच्या चुडावर, म्हणजे रोपांच्या जुडग्यावर, पोचतात आणि पर्णकोषातून खोडात घुसतात. तिथे वरून मारलेलं औषध क्वचितच पोचतं.

लावणीआधी रोपांचे शेंडे कापून नष्ट केले, तर त्यांवरचे अंडीपुंज खाचरात येतच नाहीत. विळा हातात असतोच, खर्च शून्य. सगळ्या उपायांत मला हाच मोलाचा वाटतो. पुढे हेक्टरी २० कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष लावलेले सापळे, नरांना पकडतात. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड; त्यातून निघणारा हा टाचणीच्या डोक्याहून लहान मित्रकीटक खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालतो.

उरलेल्या अळ्या कापणीनंतर धसकटांच्या बुडाशी दडतात. कर्जतकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होतं, तिथे किडीला खंडच पडत नाही. कापणी जमिनीलगत करा. वालासाठी नांगरट करायचीच असते, ती लगेच उरका आणि वर आलेली धसकटं वेचून नष्ट करा.